नगरकडे निघालेली गाडी

८ ऑगस्ट १९४२, रात्री दहाच्या सुमारास. मुंबई, गवालिया टँक.
काँग्रेस महासमितीचं मतदान संपलं. ‘चले जाव’च्या ठरावाविरुद्ध फक्त १३ मतं पडली. ठराव नेहरूंनी मांडलेला, अनुमोदन पटेलांचं, अध्यक्षस्थानी मौलाना आझाद. मग गांधीजी बोलले. ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र त्यांनी दिला, पण लढा उद्याच सुरू होतोय असं म्हटलं नाही. आधी व्हाइसरॉयशी बोलणी, त्यात दोन-तीन आठवडे जातील असा त्यांचा अंदाज होता. कुणी काय करायचं, याची आखणी लोकांच्या हाती पडलेलीच नव्हती.

मध्यरात्र.
सरकारची आखणी मात्र पक्की होती. कुणाला कुठून उचलायचं, कुठल्या गाडीत बसवायचं, कुठे उतरवायचं, सगळं ठरलेलं. पुढारी नाहीसे झाले की लोक घरी बसतील, असा तो हिशेब. माझ्या मते ब्रिटिश राज्याचा घात याच हिशेबाने केला.

पहाटे चार.
भुलाभाई देसाईंच्या घरी उतरलेल्या आझादांना झोपेतून उठवलं गेलं. पोलिस दारात होते.

पहाटे पाचच्या सुमारास. बिर्ला हाउस.
गांधीजींना तयारीसाठी अर्धा तास मिळाला. बकरीचं दूध, फळांचा रस, प्रार्थना. सोबत त्यांचे सचिव महादेवभाई आणि मीराबेन. महादेवभाईंच्या आयुष्याचे आता सहाच दिवस उरले होते; १५ ऑगस्टला ते स्थानबद्धतेतच गेले.

सकाळ. बोरीबंदर.
खास गाडी सुटली. चिंचवडला गांधीजी आणि सरोजिनी नायडूंना उतरवून आगाखान पॅलेसकडे नेलं. पुण्याला फलाटावरच्या गर्दीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा बावन्न वर्षांचे नेहरू डब्यातून खाली उडी मारून पोलिसांवर धावून गेले, असं आझादांनी लिहून ठेवलंय.

इकडे मुंबईत ज्यांनी सभा चालवायची ते सगळे गाडीत होते. तरी लोक गवालिया टँकवर जमले. अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्यांचे पती असफ अली त्याच गाडीतून नगरकडे चालले होते.

दुपार. अहमदनगर स्टेशन.
फलाट मोकळा होता. मोजके पोलिस अधिकारी, एक लष्करी अधिकारी आणि किल्ल्याकडे जाणारा सरळ रस्ता. निजामशाहीचा हा भुईकोट. चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला, १८०३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने घेतला. आता त्यात आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण कोंडले गेले.

संध्याकाळ.
आझादांचा छोटा रेडिओ काढून घेतला. जेवण लोखंडी ताटल्यांतून आलं. वर्तमानपत्र नाही. आणि बाहेर देशाला कळू दिलं नाही की हे बारा जण आहेत कुठे.

किल्ल्याचा दरवाजा बंद झाला आणि सरकारच्या लेखी प्रकरण मिटलं. पण ज्यांच्याशी बोलता आलं असतं, ज्यांच्या शब्दाने लोक थांबले असते, तेच आत होते. तारा तुटल्या, रूळ उखडले, कचेऱ्यांवर मोर्चे गेले, आणि गोळ्या चालल्या. महिन्याभरात, ९ सप्टेंबरला, नंदुरबारला शिरीषकुमार पडला, शाळकरी पोर. त्याची किंमत कुठल्याही हिशेबात मांडू नये असं मला वाटतं. ऑगस्ट संपतानाच व्हाइसरॉय लिनलिथगोने चर्चिलला कळवलं होतं की १८५७ नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे.

रात्र.
एक नगरकर पुढारी मात्र हाती लागला नव्हता. अच्युतराव पटवर्धन. त्यांच्याच गावात काँग्रेसची कार्यकारिणी कुलपात पडली होती आणि ते भूमिगत झाले. सरकारला ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. पुढे सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्यामागे अच्युतरावांचाही हात होता. तिथे हुंडा, मानपान, कर्जाचा डोंगर टाळून गांधी पद्धतीने लग्नं लागू लागली. सावकाराचा पाश आणि गावगुंडांची दहशत सैल झाली.

आणि बांधाचं भांडण घेऊन निघालेला शेतकरी तालुक्याच्या कोर्टाची वाट सोडून प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढे येऊन बसला, आपल्याच गावातल्या माणसांसमोर.