पेबल बीचच्या हिरवळीवरील मोटारींचे परीक्षण : प्रथमच जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी

कॅलिफोर्नियातील माँटेरे द्वीपकल्पावर दरवर्षी ऑगस्टमधील एका रविवारी जगातील निवडक जुन्या मोटारी समुद्रकाठच्या हिरवळीवर ओळीने उभ्या राहतात. ‘पेबल बीच कॉन्कूर द एलेगान्स’ या नावाने ही स्पर्धा ओळखली जाते. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘डौलाची स्पर्धा’ असा आहे. पेबल बीच गोल्फ लिंक्सच्या अठराव्या फेअरवेवर सुमारे दोनशे मोटारी मांडलेल्या असतात. मालकाने अर्ज करावा, निवड समितीने आमंत्रण द्यावे आणि मगच मोटार येथे यावी, असा शिरस्ता आहे.

स्पर्धेचा प्रारंभ १९५० साली झाला, तो पेबल बीचच्या रस्त्यावरील मोटारशर्यतींच्या जोडीने. प्रारंभीच्या वर्षांत सर्वोच्च पारितोषिक नव्या कोऱ्या मोटारींनाच मिळत असे. पहिला मान १९५० सालच्याच ‘एडवर्ड्स आर-२६’ या मोटारीला मिळाला होता. १९५५ साली शर्यतपटू फिल हिल यांनी आपल्या मावशीची १९३१ सालची पिअर्स-ॲरो मोटार दुरुस्त करून आणली आणि तीच सर्वोत्तम ठरली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी शर्यतीत एका चालकाचा मृत्यू झाल्यावर त्या रस्त्यावरील शर्यती बंद पडल्या. प्रदर्शन मात्र टिकले आणि जुन्या मोटारींचा मानबिंदू ठरले.

परीक्षक काय पाहतात?

नवखा प्रेक्षक बहुधा चकाकी पाहतो. परीक्षक पाहतात ते अस्सलपण. मोटारी प्रकार, कालखंड आणि निर्मात्यानुसार गटांत विभागलेल्या असतात आणि प्रत्येक गटाला परीक्षकांचे स्वतंत्र पथक असते. मोटार शंभर गुणांनी सुरुवात करते आणि दोष आढळतील तसे गुण वजा होत जातात. कारखान्यातून बाहेर पडताना ती जशी होती तशी आज आहे का, हा मुख्य प्रश्न. म्हणून बॉनेट उघडले जाते, इंजिन सुरू करायला सांगितले जाते, दिवे आणि हॉर्न तपासले जातात. एखादा आधुनिक स्क्रू किंवा त्या काळी नसलेला रंगही महागात पडू शकतो. याखेरीज मानद परीक्षकांचा निराळा वर्ग असतो. त्यांचे लक्ष तांत्रिक बाबींपेक्षा आकार, शैली आणि डौल यांकडे असते. गटात पहिल्या आलेल्या मोटारीच अखेरच्या सर्वोत्तम पारितोषिकासाठी पात्र ठरतात.

मोटार केवळ शोभेची असून भागत नाही. १९९८ पासून स्पर्धेपूर्वीच्या गुरुवारी ‘टूर द एलेगान्स’ ही रस्त्यावरील फेरी होते. गटात दोन मोटारींचे गुण समान झाले, तर फेरी पूर्ण करणारीला झुकते माप मिळते.

जीर्णोद्धार की जपणूक?

काळ्या पाषाणाच्या देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेला पाहून ज्याला हळहळ वाटली आहे, त्याला या क्षेत्रातील मुख्य वाद सहज समजेल. जुना रंग एकदा खरवडला, मूळ चामडे एकदा फेकले, की मोटारीचा तो पुरावा कायमचा जातो. नवे काम कितीही निर्दोष असले तरी ती प्रतिकृतीच. म्हणूनच मूळ स्थितीत जपलेल्या मोटारींसाठी आता स्वतंत्र गट आहेत. २०२४ साली १९३४ ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्तम ठरली. शर्यतीत धावलेली आणि पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेलेली ही मोटार जुन्या रंगासह, ओरखड्यांसह उभी होती. जपणूक-गटातील मोटारीला सर्वोच्च मान मिळण्याची येथील ती पहिलीच वेळ.

प्रेक्षकाने काय करावे?

उजाडण्यापूर्वी पोहोचणे सर्वांत लाभदायक. धुक्यातून एकेक मोटार स्वतःच्या इंजिनावर हिरवळीवर येते. तो आवाज आणि तो वास दिवसभरात पुन्हा मिळत नाही. सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असते, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे आणि गवतावर चालता येईल अशी पादत्राणे असावीत. मोटारीला हात लावू नये, पिशवी किंवा कॅमेऱ्याचा पट्टा रंगाला घासू देऊ नये. परीक्षण चालू असताना मालकाशी बोलू नये. परीक्षक पुढे गेले की बहुतेक मालक आनंदाने बोलतात. ‘यातील मूळचे काय आहे?’ हा प्रश्न किंमत विचारण्यापेक्षा केव्हाही चांगला.

अलीकडील वर्षांत प्रवेशिका चारशे डॉलरहून महाग आहे. ज्यांना ती परवडत नाही, त्यांनी गुरुवारची फेरी रस्त्याकडेला उभे राहून विनामूल्य पाहावी. त्याच आठवड्यात कार्मेल गावात ‘कॉन्कूर ऑन द ॲव्हेन्यू’ भरते. कुरूप आणि कुचकामी मोटारींची थट्टा करणारे ‘कॉन्कूर द लेमन्स’ही याच सुमारास असते.

भारतीय संस्थानिकांच्या मोटारी

२०१२ आणि २०१८ साली येथे भारतीय राजेरजवाड्यांच्या मोटारींचे खास गट होते. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी बनलेली १९३४ ची रोल्स-रॉईस ‘स्टार ऑफ इंडिया’ २०१२ साली येथे आली होती. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण इंदूरचे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ सालच्या अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून केशरी-काळ्या रंगाची दोन आसनी मोटार घडवून घेतली. होळकरांनंतर ती पुन्हा अमेरिकेत आली. अशा कितीतरी मोटारी संस्थाने विलीन झाल्यावर परदेशी संग्राहकांकडे गेल्या. हिरवळीवर अशी मोटार दिसलीच, तर तिच्या कारागिरीइतकाच तिचा प्रवासही विचारून घ्यावा : ती कोणासाठी घडली, कोणत्या गॅरेजमध्ये राहिली, केव्हा आणि कोणी विकली. अस्सलपणाचा निवाडा करताना परीक्षकही हीच कागदपत्रे पाहतात.