रहीमसाहेब आणि प्रेक्षकांचा उतावळेपणा

१९५६ सालीं राज्यपुनर्रचना झाली, तोंपर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. नंतर तो नांदेडास जोडला गेला. किनवटची जी राजधानी होती, त्याच हैदराबादेंत सय्यद अब्दुल रहीम या शाळामास्तरानें हिंदी फुटबॉलची घडी बसविली. पराभूत संघ नव्यानें उभारणाऱ्या गुरूकडून प्रेक्षकांनीं काय अपेक्षावें, हा प्रश्न त्यांच्या चरित्रांत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

रहीमसाहेब १९४३ सालीं हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. पुढें त्यांच्या शिकवणीखालीं हैदराबाद पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत भारतानें इराणला नमवून सुवर्णपदक मिळविलें. तेथेंही गुरु तेच. साहजिकच लोकांची अपेक्षा आभाळाला भिडली. परंतु पुढच्याच वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें भारतावर दहा गोल चढविले. भारताचा एकच झाला. आमचे बरेच खेळाडू अनवाणी होते.

या एका सामन्यावरून निवाडा झाला असता, तर पुढील इतिहास घडलाच नसता. सुदैवानें तसें झालें नाहीं. संघटनेनें बूट सक्तीचे केले आणि रहीमसाहेबांना कालावधि मिळाला. बूट पायांत घालणें हें एका दिवसाचें काम. त्या बुटांसह चेंडू ओळखणें हें वर्षांचें काम होय. दुबळा पाय सुधारावा म्हणून केवळ त्याच पायानें खेळावयाचे सामने ते भरवीत. अशा मेहनतीस टाळ्या मिळत नाहींत. फळ मात्र येतें. १९५६ सालीं मेलबोर्न येथें नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारतानें ऑस्ट्रेलियास ४–२ असें हरविलें व अखेर चौथें स्थान मिळविलें.

१९६२ सालच्या जकार्ताच्या स्पर्धेंतही पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियाकडून ०–२ अशी हार झाली. अंतिम सामन्यांत त्याच कोरियाची गांठ पडली. डोक्याला टांके पडलेल्या जर्नेलसिंगाला रहीमसाहेबांनीं बचावांतून काढून आघाडीस खेळविलें. त्यानें एक व पी. के. बॅनर्जींनीं एक गोल केला आणि भारत २–१ असा जिंकला. कर्करोगानें ग्रासलेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षीं, ११ जून १९६३ रोजीं, निवर्तले.

प्रेक्षकानें जाब विचारूंच नये, असें आमचें म्हणणें नव्हे. पदरचे पैसे व जिवाची तळमळ खर्चणाऱ्यास तो हक्क आहेच. प्रश्न मात्र बदलावयास हवा. ‘यंदा कितवे आलों?’ याआधीं ‘गेल्या वर्षींची कोणती चूक सुटली?’ असें विचारलें पाहिजे. १९६२ नंतर आशियाई स्पर्धेंतील फुटबॉलचें सुवर्ण भारतास पुनः लाभलेलें नाहीं. २०२४ सालीं ‘मैदान’ या चित्रपटानें रहीमसाहेबांची आठवण जागविली, ही आनंदाची गोष्ट. परंतु शेवट ठाऊक असलेल्या कथेला टाळ्या वाजविणें सोपें असतें. हेलसिंकीहून दहा गोल खाऊन परतलेल्या गुरूस आणखी चार वर्षें देणें, हीच प्रेक्षकांची खरी परीक्षा होय.