पिसू म्हणा, नाहीतर भेट म्हणा

मागच्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची कॉलेजातून घरी आली, तेव्हा तिच्या पाठीवरच्या कापडी पिशवीत गिटारच्या पिल्लासारखं एक वाद्य होतं. लांबी जेमतेम अडीच विती. चार तारा, त्याही नायलॉनच्या. मी सहज विचारलं, ‘‘हे कुठलं खेळणं आणलंस?’’ ती म्हणाली, ‘‘मामू, खेळणं नाही, युकुलेले आहे. जरा हातात धरून तर बघा.’’

‘खेळणं’ हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मग माझा मलाच टोचला. का टोचला, ते शेवटी सांगतो. आधी या वाद्याची गोष्ट.

मी काही संगीताचा जाणकार नाही. तरी भाचीनं मला पाच मिनिटांत पहिला कॉर्ड शिकवला. सर्वांत खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवायचं आणि उजव्या हातानं चारही तारा छेडायच्या. एवढंच. ते बोट उचलून वरच्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर नेलं की दुसरा कॉर्ड. गिटारच्या पोलादी तारांनी नवशिक्याची बोटं सोलवटतात, इथे तसं काही नाही. चार कॉर्ड येऊ लागले की कितीतरी साधी गाणी म्हणता येतात. आणखी एक गंमत तिनं दाखवली. गिटारची सर्वांत वरची, अंगठ्याजवळची तार सर्वांत खर्जातली असते. युकुलेलेची तीच तार मात्र उंच सुरात लावलेली असते. या वाद्यात खर्ज जवळजवळ नाहीच. चारही सूर एकमेकांना खेटून बसलेले. म्हणून त्याचा आवाज असा हसरा, पाण्यावर खडा उडावा तसा येतो.

या वाद्याचं घर म्हणजे हवाई बेटं. ‘हवाईयन गिटार’ हे नाव आपल्या कानांना जुनं आहे. ब्रिजभूषण काब्रांनी त्या गिटारवर आपले राग वाजवले, व्हॅन शिप्लेंनी सिनेमाची गाणी वाजवली. युकुलेले हे त्याच बेटांवरचं त्याचं धाकटं भावंड. पण त्याचा जन्म मात्र तिथला नाही. ते तिथं आलं ते मजुरांच्या बोचक्यातून.

एकोणिसाव्या शतकात हवाईत उसाचे मोठमोठे मळे उभे राहिले. मळ्यांचे मालक बहुतेक अमेरिकन किंवा युरोपीय. बाहेरून आलेल्या रोगांच्या साथींनी मूळ हवाईयन लोकसंख्या फार घटली होती. मळ्यांवर राबायला माणसं हवी होती. मग करार करून चिनी आले, जपानी आले, आणि अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावरचेही लोक आले. मदेरात द्राक्षमळ्यांवर रोग पडला होता, गरिबी होती. १८७९ च्या एप्रिलमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेराहून निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये होनोलुलूला पोचलं. त्यात बायकामुलं धरून चारशेहून अधिक माणसं होती. असं सांगतात, की धक्क्यावर उतरताच जोआव फर्नांडिस नावाच्या तरुणानं सोबत्याचं छोटं वाद्य मागून घेतलं आणि सुखरूप पोचल्याच्या आनंदात गाणी वाजवली. त्या वाद्याचं नाव ‘माशेत’. थोड्याच दिवसांत होनोलुलूच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की मदेराचे हे नवे रहिवासी रात्री रस्त्यावर वाजवतात आणि लोक खूष होतात.

त्याच जहाजात तीन सुतार होते. मॅन्युएल नुनीस, ऑगुस्तो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. यातली पहिली दोन आडनावं आपल्याला परकी वाटायला नकोत. पोर्तुगीज जिथं जिथं गेले तिथं ती राहिली, आणि गोव्यात, वसईत आजही ती ऐकू येतात. मळ्यावरची मजुरी आटोपल्यावर या तिघांनी होनोलुलूत लाकूडकामाची दुकानं थाटली. कपाटं, टेबलं बनवता बनवता ते वाद्यंही बनवू लागले. माशेतचा आकार ठेवला, तारा लावायची रीत मदेरातल्याच ‘राजाव’ या दुसऱ्या वाद्यावरून घेतली, आणि लाकूड घेतलं हवाईतलं, ‘कोआ’ नावाच्या झाडाचं. आकार पोर्तुगीज, लाकूड हवाईयन. त्या मिश्रणातून जे निघालं, ते युकुलेले.

मजुरांचं वाद्य दरबारात कसं गेलं, ही त्यापुढची गोष्ट. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होतं आणि कालाकौआ नावाचा राजा गादीवर होता. त्याच्याही आधी मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली ‘हुला’ हे हवाईचं पारंपरिक नृत्य असभ्य ठरलं होतं. १८३० मध्ये सार्वजनिक ठिकाणी ते करण्यावर बंदी आली होती. कालाकौआनं १८८३ मधल्या आपल्या राज्याभिषेकाच्या समारंभात हुला पुन्हा उजळ माथ्यानं आणला. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुलाच्या साथीला युकुलेले होतं. राजा स्वतःही ते वाजवत असे. ज्या राजाला आपल्या लोकांची ओळख टिकवायची होती, त्यानं त्यासाठी परमुलखातून आलेल्या मजुरांचं वाद्य निवडलं. ‘हे बाहेरचं आहे’ असं तो म्हणाला नाही. माझ्या लोकांच्या गाण्याला हे साथ देतं ना, मग ते माझं, असा त्याचा साधा हिशेब असावा.

कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्दाची फोड करून बघण्याची खोड असते. हवाईयन भाषेत ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवरून अशी काही टणाटण उडतात, की लोकांनी त्याला ‘उडती पिसू’ म्हटलं. हा सर्वांना ठाऊक असलेला अर्थ. पण कालाकौआची बहीण आणि त्याच्यानंतर गादीवर आलेली राणी लिलिउओकलानी हिच्या नावे दुसरा अर्थ सांगितला जातो. ‘उकु’चा एक अर्थ देणगी, आणि ‘लेले’ म्हणजे येणं. म्हणजे ‘इथवर आलेली भेट’. राणी स्वतः गीतं रचणारी, त्यांना चाली लावणारी होती. तिला पिसूपेक्षा भेट जवळची वाटली असेल, तर नवल नाही.

पण या राणीच्या वाट्याला काय आलं? १७ जानेवारी १८९३ या दिवशी तिथल्या धनिक, मुख्यतः अमेरिकन वंशाच्या मंडळींनी अमेरिकी नौसैनिकांच्या छायेत तिचं राज्य उलथवलं. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैद करून ठेवलं. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेला जोडलं गेलं. या सत्तापालटातल्या आपल्या सहभागाबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसनं औपचारिक माफी मागितली ती १९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

राज्य गेलं आणि वाद्य मात्र जगभर निघालं. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. त्यातल्या हवाईच्या दालनात युकुलेले वाजत होतं आणि लाखो लोक ते ऐकून जात होते. पाहता पाहता अमेरिकेला त्याचं वेड लागलं. मार्टिन या नामवंत गिटार कंपनीनं १९१६ मध्ये युकुलेले बनवायला घेतली. गाण्यांच्या छापील पत्रिकांवर स्वरलिपीच्या डोक्यावर चार रेघांची छोटी जाळी छापली जाऊ लागली. बोट कुठं ठेवायचं त्या जागी ठिपका. म्हणजे स्वरलिपी न येणाऱ्यालाही वाजवता यावं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात कॉलेजच्या पोरांच्या हातात जिकडेतिकडे युकुलेले दिसे.

मात्र या लाटेत एक फसवणूकही होती. न्यूयॉर्कच्या गाण्यांच्या बाजारात हवाई कधी न पाहिलेले लोक हवाईवर गाणी लिहीत. हवाईयन भाषेसारखे वाटणारे निरर्थक शब्द त्यात घालत. ज्यांचं राज्य गेलं होतं, त्यांची भाषाही आता करमणुकीचा आवाज झाली. आणि त्याच काळात खुद्द हवाईतल्या शाळांतून त्यांची भाषा शिक्षणाचं माध्यम म्हणून हद्दपार झाली होती. १८९६ च्या कायद्यानं शाळांत इंग्रजी सक्तीची केली होती. वाद्याचं कौतुक आणि वाद्यवाल्यांची उपेक्षा, असा तो प्रकार.

पुढे लाट ओसरली. १९२९ नंतर मंदी आली, मग महायुद्ध आलं. युद्धानंतर मारिओ माकाफेरी नावाच्या कारागिरानं प्लॅस्टिकची युकुलेले काढली. आर्थर गॉडफ्रे हा लोकप्रिय निवेदक टेलिव्हिजनवर ती वाजवायला शिकवू लागला. ही प्लॅस्टिकची युकुलेले सुमारे नव्वद लाख खपली, असं सांगतात. मग विजेवरच्या गिटारी आल्या, आणि युकुलेले पुन्हा माळ्यावर गेलं. १९६८ मध्ये टायनी टिम नावाचा गायक टेलिव्हिजनवर किनऱ्या आवाजात युकुलेलेवर गायला, तेव्हा लोकांनी ते वाद्य विनोदाच्या खात्यात टाकलं. सोपं आहे, स्वस्त आहे, लहान आहे. म्हणजे हलकं आहे.

हवाईत मात्र कोणी त्याला हसलं नाही. नुनीसच्या हाताखाली शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी १९१६ मध्ये होनोलुलूत सुरू केलेला कारखाना त्यांच्या घराण्यानं पुढे चालवला. त्या कारखान्यात ऐकू न येणारे कारागीर आवर्जून कामाला घेतले जात. लाकडाची जाडी आणि त्याची थरथर त्यांना बोटांनी कळत असे. वाद्य घडवायला कान नव्हे, स्पर्शही पुरतो, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग इझ्राएल कामाकाविवोओले आला. प्रचंड देहाचा, अतिशय कोवळ्या आवाजाचा हवाईयन गायक. १९८८ मध्ये एका रात्री उशिरा त्यानं होनोलुलूच्या स्टुडिओत फक्त युकुलेले घेऊन एक जुनं अमेरिकन सिनेमागीत गायलं. ते ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये त्याच्या ‘फेसिंग फ्यूचर’ या अल्बममध्ये आलं, पुढे जाहिरातींत आणि चित्रपटांत वाजलं, आणि जगभर पोचलं. हा माणूस आपल्या लोकांच्या हक्कांबद्दल गाणारा होता. १९९७ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत त्याचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं. एकेकाळी अमेरिकेनं हवाईची खोटी गाणी गायली. आता एका हवाईयन माणसानं अमेरिकेचं गाणं आपलंसं करून परत केलं.

२००६ मध्ये जेक शिमाबुकुरो या हवाईतल्याच वादकाचं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं वादन इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिलं. चार तारांत एवढं मावतं, हे त्यांना तेव्हा कळलं. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये जे. चाल्मर्स डोन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेतल्या मुलांना संगीत शिकवायला युकुलेले हाती घेतलं होतं. नंतर ब्रिटनमधल्या कितीतरी शाळांनीही तेच केलं. २०१६ मध्ये ग्रेस व्हँडरवाल ही बारा वर्षांची मुलगी युकुलेलेवर स्वतःची गाणी गाऊन अमेरिकेतली टेलिव्हिजनची मोठी स्पर्धा जिंकली. २०२० च्या टाळेबंदीत घरात कोंडलेल्या अनेकांनी ते उचललं. आपल्याकडेही वाद्यांच्या दुकानांत गिटारीशेजारी ते टांगलेलं दिसतं.

‘परकं’ आणि ‘हलकं’ हे दोन शिक्के वाद्यांवर आपणही मारले आहेत. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीवर तिला बंदी होती. पण नाटकवाल्यांनी, कीर्तनकारांनी, भजनी मंडळांनी आणि कव्वालांनी तिला सोडलं नाही. लोकांनी तिचं बारसंही करून टाकलं. ती झाली ‘पेटी’. मला वाटतं, लोक वाद्याला आपल्या भाषेतलं नाव देतात, तेव्हाच ते घरचं होतं. माशेतचं युकुलेले झालं, तेही असंच.

आता ‘खेळणं’ शब्दाची गोष्ट. माझ्या अब्बांनी एका उरुसात बुलबुलतरंग विकत घेतला होता. आमच्याकडे त्याला ‘बेंजो’ म्हणतात. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. ते मूळचं जपानी वाद्य, १९१२ मध्ये तिथं तयार झालेलं. अब्बा दिवसभर काम करून आले की हातपाय धुऊन त्यावर कव्वालीच्या चाली काढत बसत. एकदा घरी आलेल्या एका जाणकार गृहस्थांनी हसून म्हटलं, ‘‘हे वाद्य नव्हे हो, खेळणं आहे.’’ अब्बाही हसले. पण त्यानंतर बेंजो माळ्यावर गेला आणि पुन्हा खाली आला नाही. त्यांना दुसरं वाद्य शिकायला ना वेळ होता, ना पैसा. त्या एका शब्दानं त्यांच्याकडे होतं तेवढं गाणंही गेलं. आणि इतक्या वर्षांनी तोच शब्द मी भाचीला ऐकवला.

ती नव्या पिढीची. तिनं मनावर घेतलं नाही, उलट माझ्याच हातात वाद्य दिलं. आता सुटीत ती आली की आम्ही दोघं बसतो. माझे कॉर्ड बदलेपर्यंत गाणं पुढे निघून जातं, ती थांबते आणि म्हणते, ‘‘मामू, पुन्हा.’’ माळ्यावरचा बेंजोही खाली काढला आहे. तारा गंजल्या आहेत, दोन बटणं बसली आहेत. गावात दुरुस्त करणारा कोणी मिळतो का, ते बघतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)