झाकीर हुसेन यांची शंका आणि माझा वर्ग

वर्धा शिक्षण योजना म्हटली की लोकांना टकळी आठवते. मला त्या योजनेवर घेतली गेलेली एक शंका आठवते. ती पुढे माझ्याच वर्गात खरी ठरली, म्हणून आज लिहितो आहे.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. शाळा वाढवायच्या होत्या, पण पैसा कुठून आणायचा? दारूबंदी केली की अबकारीचे उत्पन्नही बुडणार. गांधीजी म्हणत होते, मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे आणि त्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. स्वावलंबन हीच या शिक्षणाची कसोटी, असे त्यांचे मत होते.

त्या परिषदेत दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन बोलले. हेच पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. स्वावलंबनावर फार जोर दिला तर शिक्षक गरीब मुलांकडून काम उपसून घेणारा मुकादम होईल, आणि तसे झाले तर टकळी पुस्तकांपेक्षाही वाईट ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. गांधीजींसमोर हे बोलायला धैर्य लागले असेल. गंमत म्हणजे योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. डिसेंबर 1937 च्या अहवालात साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला 3 तास 20 मिनिटे आणि मातृभाषेला 40 मिनिटे दिली आहेत. आणि त्याच अहवालात तोच धोका पुन्हा नोंदवला आहे.

मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की झाकीर हुसेन शिक्षकाला वाईट म्हणत नव्हते. चांगल्या माणसाच्याही डोक्यावर एखादा आकडा ठेवला की त्याची नजर बदलते. ज्याचे सूत जास्त, तो मुलगा दिसतो. सूत का तुटते, असे विचारणारा मुलगा वेळ खाणारा वाटू लागतो. फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने 1968 साली लिहिले, की प्राथमिक शिक्षकाचे मुलांशी दिवसाकाठी हजारापर्यंत देणेघेणे होते. इतक्या घाईत विचार करून कोण ठरवणार? मनात जी काळजी असते, तीच ठरवते.

आता माझे सांगतो. 1984 चा जानेवारी. दहावीचा वर्ग, इतिहासाचा तास. निकाल किती टक्के लागला पाहिजे ते आम्हाला बजावून सांगितले होते. आई सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होती, रात्री झोप नव्हती. तीन धडे बाकी होते. दांडी यात्रा शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, मीठच उचलायचं होतं तर गांधीजी गाडीनं का नाही गेले? पायी कशाला?"

मी म्हणालो, "हे परीक्षेत येत नाही. खाली बस."

मुले हसली. तो बसला.

त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. पायी गेले म्हणून तर वाटेतली गावे जोडली गेली, 24 दिवस देशभर चर्चा पेटत राहिली. हे सांगायला दोन मिनिटे लागली असती. मला ते येत होते, पण त्या क्षणी मला तो मुलगा दिसलाच नाही, उरलेले तीन धडे दिसले.

आठवड्याने आईला सुट्टी मिळाली, माझे डोके जागेवर आले. मी त्याला उभे करून म्हटले, "बाळ, त्या दिवशी काय विचारत होतास?" तो म्हणाला, "आठवत नाही, सर." त्याला आठवत होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. मार्चपर्यंत त्याने पुन्हा काही विचारले नाही. त्या वर्षी निकाल चांगला लागला.

पुढच्या जूनपासून मी फळ्याचा उजवा कोपरा राखून ठेवू लागलो. ज्या प्रश्नाला लगेच वेळ नसे, तो विचारणाऱ्याच्या नावासह तिथे लिहायचा आणि शनिवारी शेवटच्या तासाला घ्यायचा. निवृत्त होईपर्यंत ही सवय ठेवली. काही शनिवारी कोपरा कोराच असे. अशा वेळी मी मुलांना नाही, स्वतःलाच विचारत असे, या आठवड्यात आपल्या डोक्यावर कोणता आकडा होता?