कर्करोगमुक्त तरुणांच्या मनाला ऑनलाईन कार्यक्रमांचा आधार

कर्करोगावरील उपचार पूर्ण झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की घरात पेढे वाटले जातात. रुग्ण तरुण असेल, तर त्याने लवकरात लवकर पूर्वीसारखे व्हावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. अनेक तरुणांच्या मनाची कसोटी मात्र याच टप्प्यावर सुरू होते. उपचारांच्या काळात दिवस रुग्णालयाच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात आणि परिचारिका, डॉक्टर, नातेवाईक सतत भोवती असतात. उपचार थांबताच हा वावरही थांबतो. ‘आता बरा झालास, मग चिंता कसली?’ या प्रश्नापुढे मनातली भीती सांगण्याची सोयच उरत नाही.

ही भीती निराधार नसते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. साध्या तापानेही रोग उलटल्याची शंका येते आणि तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर, तर सिस्प्लॅटिनचा श्रवणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. काही उपचारांमुळे अपत्यप्राप्तीची क्षमता कमी होते. शिक्षणात पडलेला खंड, मागे पडलेला मित्रपरिवार आणि पुढे विवाहाचा प्रश्न यांची त्यात भर पडते. त्यामुळे ‘घाबरू नकोस’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही. भीती बाळगूनही दैनंदिन जीवन कसे जगावे, हे शिकावे लागते.

समवयस्कांचा सहवास या कामी उपयोगी पडतो. परंतु तरुण वयात कर्करोग होणाऱ्यांची संख्या तुलनेने कमी असते आणि बरे झाल्यावर ते आपापल्या गावी विखुरतात. प्रौढांच्या आधारगटांत विशीतल्या मुलाला आपले प्रश्न मांडणे अवघड वाटते. या अडचणीवर उपाय म्हणून काही देशांत ऑनलाईन कार्यक्रम तयार करण्यात आले.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅम येथील एमा बालरुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी ‘ऑप कूर्स ऑनलाईन’ हा कार्यक्रम विकसित केला. डच भाषेतील या नावाचा अर्थ ‘योग्य मार्गावर’ असा होतो. कर्करोगातून बरी झालेली किशोरवयीन मुले आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, बंदिस्त चॅटकक्षात एकत्र येतात आणि मानसशास्त्रज्ञ चर्चेचे संचालन करतात. संवाद केवळ लिखित असल्याने चेहरा दिसत नाही. शस्त्रक्रियेचे व्रण किंवा गळालेले केस यांविषयी संकोच वाटणाऱ्या मुलांना ही बाब सोयीची ठरते. मन शांत करण्याचे तंत्र, आजाराची माहिती मिळवणे व ती इतरांना सांगणे, तसेच नकारात्मक विचार ओळखून ते बदलणे यांचा सराव करून घेतला जातो.

ऑस्ट्रेलियातील ‘रिकॅप्चर लाईफ’ या कार्यक्रमाने दृक्‌श्राव्य संवादाचा मार्ग निवडला. उपचार नुकतेच संपलेल्या १५ ते २५ वर्षे वयाच्या तरुणांसाठी तो आखण्यात आला. लहान गटांत, ६ आठवडे, दर आठवड्याला सुमारे ९० मिनिटांचे सत्र, अशी त्याची रचना असून विचार व वर्तन यांवर आधारित उपचारपद्धती त्यात वापरली जाते. त्याच्या बहुकेंद्रीय चाचणीचा आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील ‘ऑन्को-स्टेप’ या कार्यक्रमात लेखनावर भर आहे. किशोरवयात कर्करोग झालेल्या तरुणांनी आधी आजारपणातील क्लेशकारक आठवणी आणि नंतर भविष्याविषयीची भीती, या क्रमाने लिहावे, अशी त्यात योजना आहे.

असे कार्यक्रम तरुणांना स्वीकारार्ह वाटतात, असे प्राथमिक अभ्यासांतून दिसले आहे. मात्र सहभागींची संख्या मर्यादित असल्याने परिणामांविषयी ठाम दावे करणे घाईचे ठरेल. पडद्यापलीकडील व्यक्ती अचानक खचली, तर शेकडो किलोमीटर दूर बसलेला तज्ज्ञ काय करणार, हा प्रश्नही आहेच. त्यामुळे सहभागींचा पत्ता व जवळच्या व्यक्तीचा संपर्क आधीच नोंदवून ठेवणे अगत्याचे ठरते.

भारतात या गरजेचे स्वरूप अधिक तीव्र आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले उपचारांसाठी येतात आणि बरी होऊन दूरच्या राज्यांत परततात. उपचारांनंतरच्या दीर्घकालीन देखरेखीसाठी या रुग्णालयाने १९९१ मध्ये स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पाठबळाने २००९ मध्ये ‘उगम’ हा बालपणी कर्करोग झालेल्यांचा आधारगटही स्थापन झाला. आजारावर मात केलेली मोठी मुले-मुलीच येथे इतरांना हात देतात. प्रत्येकाला मुंबईस येणे शक्य नसते. तेथे फोनवरील किंवा इंटरनेटवरील भेट उपयोगी पडू शकते.

तथापि परदेशी नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. अनेक घरांत एकच फोन सर्वांच्या हाती असतो आणि मुलीचा आजार सोयरिकीच्या भीतीने शेजाऱ्यांपासूनही लपवला जातो. अशा मुलीने बैठकीच्या खोलीत बसून मोकळेपणाने बोलावे तरी कसे? लिखित संवाद, टोपणनावाची मुभा आणि मातृभाषेत बोलणारा समुपदेशक, या गोष्टी येथे यंत्रणेइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत मानसिक आरोग्यविषयक साहाय्य देते. ती केवळ कर्करोगमुक्तांसाठी नाही. मात्र तपासणीच्या आदल्या रात्री झोप न लागलेल्या तरुणाला तेथे दूरध्वनी करता येतो.