डिझेल फिल्टर अडॅप्टर

डिझेल फिल्टर अडॅप्टर म्हणजे वाहनाच्या मूळ डिझेल फिल्टरच्या जागी अथवा त्याच्या जोडीला वेगळ्या मापाचा, वेगळ्या बनावटीचा किंवा अधिक सोयीच्या जागी असलेला फिल्टर बसवता यावा, यासाठी वापरला जाणारा जोडभाग होय. तो उत्पादकाने वाहनासोबत दिलेला नसतो. बाजारातून स्वतंत्रपणे घेऊन नंतर बसवला जातो. ट्रक, मच्छीमार नौका व जनित्रे यांत त्याचा वापर जुना आहे. चासीवर राहण्याची सोय बांधलेल्या वाहनांत, म्हणजे मोटार कॅरॅव्हॅनमध्ये, तो अलीकडे होऊ लागला आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांसारख्या अतिपावसाच्या प्रदेशात या भागाचे महत्त्व त्याच्या किमतीच्या मानाने बरेच अधिक आहे.

नाव

मराठीत ‘गाळणी’ हा नेमका आणि घरोघरी ठाऊक असलेला शब्द उपलब्ध असूनही गॅरेजमध्ये ‘फिल्टर’ हाच शब्द रूढ आहे. ज्या धातूच्या तुकड्यावर फिल्टरचा डबा फिरवून घट्ट करतात त्याला ‘फिल्टर हेड’ किंवा नुसते ‘हेड’ म्हणतात. अडॅप्टर हे पुष्कळदा असे दुसरे हेडच असते. वाचकाला दुकानात हेच शब्द वापरावे लागणार असल्याने लेखात तेच ठेवले आहेत.

रचना

अडॅप्टर बहुधा ॲल्युमिनियमच्या ओतीव कामाचा असतो. त्याला डिझेल आत येण्याचे व बाहेर जाण्याचे अशी दोन तोंडे, मध्यभागी आटे पाडलेला पोकळ खुंट आणि फिल्टरचे रबरी कडे बसण्यासाठी सपाट बैठक असते. चांगल्या बनावटीत हवा काढण्याचा स्क्रू आणि हाताने दाबून डिझेल ओढण्याचा छोटा पंपही असतो. फिल्टरच्या तळाशी पाणी साठण्याचा पेला व ते सोडून देण्याची तोटी असेल, तर त्या संचाला पाणी-विभाजक म्हणतात.

आट्यांचे माप हा यातील सर्वांत नाजूक मुद्दा आहे. डिझेल फिल्टरमध्ये १६ मिलिमीटर व्यास आणि १.५ मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे सर्रास आढळतात. त्याखेरीज २० मिलिमीटरचे मेट्रिक, तसेच पाऊण इंच व एक इंच व्यासाचे आटेही प्रचारात आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्यामुळे २० मिलिमीटर मापाचा फिल्टर पाऊण इंची खुंटावर फिरतो, बसल्यासारखा वाटतो, परंतु आट्यांची पकड अपुरी राहते आणि दाब आल्यावर तो निसटू शकतो. ‘बसला म्हणजे जमला’ हा निकष येथे धोक्याचा आहे.

दुसरे माप गाळण्याच्या बारकाईचे. ते मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पहिल्या, जाड गाळणीचे माप साधारणपणे १० ते ३० मायक्रॉन आणि दुसऱ्या, बारीक गाळणीचे २ ते ५ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या बारकाईची कल्पना येईल.

पार्श्वभूमी

भारतातील जुन्या ट्रकांत एकामागे एक असे दोन डबे असत. पहिल्यात नमद्याची किंवा कापडी गाळणी आणि दुसऱ्यात कागदी. डिझेल पंप आणि फिल्टर या क्षेत्रात १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे ‘मायको’चे (आताची बॉश लिमिटेड), नाव इतके रुळले की अनेक ठिकाणी पंपालाच मायको म्हणत. त्या काळच्या इंजिनांत इंजेक्टर साधारण काहीशे बार दाबाला उघडत आणि थोडी घाण, थोडे पाणी सहन करीत.

कॉमन रेल पद्धतीत हा दाब १,६०० ते २,००० बार किंवा त्याहूनही अधिक असतो आणि इंजेक्टरमधील फटी अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. तेथे पाण्याचा थेंब वंगण तोडतो, गंज आणतो आणि इंजेक्टरचे टोक खराब करतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपर्यंत खाली आले. आधीच्या स्टेज ४ मध्ये ते ५० होते. गंधक घटले तरी पाण्याचा प्रश्न सुटत नाही, कारण ते पुष्कळदा पंपावर नव्हे तर गाडीच्या टाकीतच तयार होते.

अमेरिकेत या भागाचा बाजार असाच वाढला. तेथे २००१ सालापासून आलेल्या ड्युरामॅक्स या कॉमन रेल इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजेक्टर निकामी होण्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा कॅटरपिलर कंपनीचा २ मायक्रॉनचा मोठा फिल्टर त्या गाड्यांना बसावा म्हणून छोट्या कारखानदारांनी अडॅप्टर काढले.

मोटार कॅरॅव्हॅनमधील गरज

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. भारतात अशी वाहने बहुधा प्रवासी वाहनांच्या किंवा हलक्या ट्रकांच्या चासीवर बांधली जातात आणि त्यांत फोर्स ट्रॅव्हलरचा वापर ठळक आहे. ही कंपनी २००५ पर्यंत बजाज टेम्पो या नावाने ओळखली जाई; ‘टेम्पो’ हा मराठीतला सर्वनामी झालेला शब्द तिच्याच नावातून आलेला आहे.

अशा वाहनात दोन अडचणी संभवतात. पहिली जागेची. मूळ चासीवर फिल्टरपर्यंत हात पोचतो. परंतु बांधणी करणारा कारागीर पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, जादा बॅटऱ्या आणि पायरी खालच्या बाजूला बसवतो आणि फिल्टर त्यांच्या आड जातो. मग तळाची तोटी उघडून पाणी काढण्याचे दोन मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते, आणि अर्ध्या दिवसाचे काम कोणी नियमित करीत नाही. येथे अडॅप्टर आणि दोन नळ्या यांच्या साहाय्याने फिल्टर बाजूच्या झडपेजवळ आणला जातो.

दुसरी अडचण वापराची. ट्रक रोज धावतो. कॅरॅव्हॅन आठवडेच्या आठवडे उभी असते. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते, बाहेरची दमट हवा आत घेते आणि तिच्यातील बाष्प पत्र्याच्या आतील बाजूस थेंब होऊन तळाशी जाते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत काळसर थर फिल्टर तुंबवतो. यावर अडॅप्टर हा उपाय नव्हे. टाकी भरून ठेवणे हा आहे.

पेण व रोहा परिसर

मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ (पूर्वीचा १७), पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो. वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. कोलाड येथे कुंडलिका नदीवरील राफ्टिंगमुळे पर्यटक येतात आणि याच गावातून कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत चालते. डोळवीचा पोलाद कारखाना आणि रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत यांमुळे अवजड वाहनांची वर्दळ वर्षभर असते.

जिल्ह्यात वार्षिक पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अंबा व कुंडलिका या नद्यांना पूर येतात. जुलै १९८९ मधील नागोठण्याचा पूर आजही लोकांच्या स्मरणात आहे. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनाच्या टाकीत झाकणातून किंवा हवेच्या नळीतून पाणी शिरू शकते. अशा गाडीची चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळून आधी फिल्टरची तोटी उघडणे, हे पैसे वाचवणारे शहाणपण आहे. पेणच्या गणेशमूर्ती ज्या दिवसांत टेम्पोंतून बाहेरगावी जातात, तेच दिवस पावसाचे असतात. मूर्ती भरलेला टेम्पो सुकेळी खिंडीत बंद पडणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे.

खर्च

साधा अडॅप्टर भारतीय बाजारात काही शे रुपयांपासून मिळतो. हातपंप, पाण्याचा पेला आणि पाणी साठल्याची सूचना देणारा सेन्सर असलेला पूर्ण संच काही हजारांत जातो. परदेशातून मागवलेल्या संचावर सीमाशुल्क व वाहतूक चढते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर वस्तू व सेवा कराचा एकच १८ टक्के दर आहे. अडॅप्टरच्या किमतीखेरीज डिझेलला टिकणारी नळी, पोकळ बोल्ट, वॉशर, पट्टी आणि मजुरी धरावी लागते. हा किरकोळ वाटणारा खर्च कधी कधी मूळ भागापेक्षा अधिक होतो.

मात्र खरी तुलना आवर्ती खर्चाशी करावी. स्थानिक बाजारात सहज मिळणाऱ्या डब्याचे आटे असलेला अडॅप्टर थोडा महाग असला तरी परवडतो; ज्याचा डबा फक्त मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, तो स्वस्त असूनही पावसाळ्यात अडचणीचा ठरतो. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर बदलण्याचा खर्च पाच आकडी होऊ शकतो, तर फिल्टरचा डबा काही शे रुपयांचा असतो.

चुकीचा अडॅप्टर मात्र नसल्यापेक्षा वाईट. टाकी आणि पंप यांच्या दरम्यानचा भाग ओढीचा असतो; तेथील सांध्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब दिसत नाही आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. पंपाआधी फार बारीक गाळणी बसवली तर ओढ वाढते आणि पंपाला डिझेल अपुरे पडते. जस्ताचा मुलामा दिलेले नळजोड डिझेलसाठी वापरू नयेत. जस्ताचे अंश इंजेक्टरमध्ये साठतात. प्लंबिंगच्या दुकानातील जोड स्वस्त असतात म्हणून ते वापरले जातात, एवढ्यासाठी हे नमूद केले.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच मापाचा पर्यायी फिल्टर बसवणे आणि वाहनाची बांधणीच बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. चासीवर कॅरॅव्हॅन बांधताना वाहनाची नोंद त्या प्रकारात व्हावी लागते. पेण येथील परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच-०६ असून पेण व रोहा हे दोन्ही तालुके त्याच्या कक्षेत येतात. हमीच्या मुदतीतील वाहनात इंधनमार्गाला हात लावल्यास उत्पादक हमी नाकारू शकतो, म्हणून अशा वाहनात बदल करण्यापूर्वी अधिकृत सेवाकेंद्राकडून लेखी उत्तर घेणे इष्ट.

तपासणी

अडॅप्टर बसवल्यावर हातपंपाने डिझेल भरून हवा पूर्ण काढतात, इंजिन काही वेळ चालवतात आणि सांधे कोरड्या कापडाने पुसून पाहतात. ओढीच्या बाजूला काही अंतर पारदर्शक नळी तात्पुरती लावल्यास बुडबुडे दिसतात. पावसाळ्यात तळाची तोटी आठवड्यातून एकदा काचेच्या बाटलीवर उघडावी. पाणी डिझेलच्या खाली वेगळे दिसते. दोन-तीन वेळा सलग पाणी निघाले तर फिल्टर बदलत बसण्याऐवजी टाकीचे झाकण, हवेची नळी आणि डिझेल भरण्याचा पंप यांकडे पाहावे.