निशाणी बांगडी ते यंत्रावरचा अंगठा

आजच्या गप्पांचा विषय आहे अंगठा. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द कुणी उच्चारला की आपल्यातल्या कितीतरी जणी अजून मान खाली घालतात. पण या अंगठ्यामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो ऐकला की मान खाली घालायचं कारण उरत नाही.

अंगठ्याच्या आधी होती बांगडी. जुन्या मराठी कागदपत्रांत, ज्याला लिहिता येत नसे त्याच्या सहीच्या जागी एक खूण काढत. कुणब्याची खूण नांगर, बाईची खूण बांगडी. ‘निशाणी नांगर’, ‘निशाणी बांगडी’ असं कागदावर लिहिलेलं असे. दिसायला छान, पण सगळ्या बायकांची बांगडी सारखीच. ती नेमकी कुणाची, आणि वरचा मजकूर तिला कुणी वाचून दाखवला का, हे कागदावरून कळायचं नाही.

याचा फटका शेतकऱ्याला बसला. सावकाराने खतावर काय लिहिलं, व्याज किती लावलं, ते त्याला वाचता येत नव्हतं. कापसाचे भाव पडले, सारा वाढला, कर्ज फुगलं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जखतं जाळली. आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात ते हेच. राग सावकारावर होता, तसाच न वाचता आलेल्या कागदावरही होता. पुढे 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचं खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावं, त्याला मजकूर समजावून सांगावा, अशी तरतूद त्यात आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता अंगठा कुठून आला ते बघू. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या सामानाचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या माणसाच्या हाताचा शाईचा ठसा कागदावर घेतला. हेतू एवढाच, की उद्या त्याने ‘मी करार केलाच नाही’ म्हणू नये. पुढे त्याला दिसलं की प्रत्येकाच्या बोटांच्या रेषा वेगळ्या असतात. 1877च्या सुमारास हुगळीत त्याने पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी ठसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ठशाचा जन्म अविश्वासातून झाला. ठसा देणाऱ्याला बांधून ठेवणं हे त्याचं काम. त्याला मजकूर कळावा, याची सोय त्यात नव्हती.

बायकांनी ही रीत कशी पालटली, ते आता ऐका.

इलाबेन भट्ट यांनी 1972 साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना उभी केली. भाजी विकणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बायका त्यात होत्या. बँका त्यांना दारात उभं करत नसत. 1974 साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. नोंदणीच्या वेळी अडचण आली : बायकांना सही येत नाही, मग बँक कशी? त्या जणींनी रात्र जागून आपापलं नाव गिरवलं आणि सह्या केल्या. पण हजारो खातेदारांचं काय? त्यांच्यासाठी बँकेने फोटोची पद्धत काढली. खातेनंबर लिहिलेली पाटी हातात धरून बाईचा फोटो घ्यायचा. चेहरा हीच ओळख! लिहिता येत नाही म्हणून बाई बाहेर राहिली नाही, बँकेने आपली रीत बदलली.

आपले बचत गट बँकेला जोडले गेले तेही असंच. 1992 साली नाबार्डने 500 गटांपासून प्रयोग सुरू केला. गटाची सरकारी नोंदणी नको, जमीन-दागिना तारण नको. मग भरवसा कशावर? नियमित बैठक, नियमित बचत, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी यांवर. व्यवस्थापन हा मोठा शब्द आहे, पण त्याचा अर्थ एवढाच. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तिची पत या शिस्तीने उभी राहिली.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, वाचता येत नाही, पण मोजता येतं. रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही काढू द्या, बघू कोण आधी काढतं. 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा, चेतनाताई सांगतात, नुसता पिन नंबर नको, अंगठाही ठेवा, असं बायकांनीच सुचवलं. नंबर कुणीही चोरेल, अंगठा कसा चोरणार? बाईला बांधणारा अंगठा तिच्याच पैशाचं कुलूप झाला.

आज बँक सखी छोटं यंत्र घेऊन गावात येते आणि अंगठा लावून पैसे मिळतात. एसटीचं भाडं वाचतं, मजुरीचा दिवस वाचतो. पण एक दुखणं आम्हा गटांचं काम बघणाऱ्यांना जवळजवळ रोज दिसतं. खुरपून, भांडी घासून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्राला जुळत नाही. जिने जास्त कष्ट केले, तिलाच यंत्र ओळखत नाही! अशा वेळी ‘तुझंच बोट खराब’ असं ऐकून घरी यायचं नाही. दुसरं बोट लावता येतं, आधार केंद्रात ठसे नव्याने देता येतात, बँकेच्या शाखेत जाऊन पैसे काढता येतात. दोष आपल्या हाताचा नाही. सोय हाताच्या मापाची हवी.

आणि आता ती 1879 ची गोष्ट. मजकूर समजावून सांगावा, हे तेव्हा कायद्यात आलं. आज ते आपणच आपल्यासाठी करायचं आहे. बैठकीत ठराव, कर्जाची रक्कम, व्याज, शिल्लक मोठ्याने वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये, अंगठाही देऊ नये. यंत्रावर ठसा ‘लागला नाही’ म्हणून कुणी पुन्हा मागितला, तर पहिल्या वेळी पैसे कापले गेले का, ते आधी विचारावं. पावती घ्यावी, लेकीकडून वाचून घ्यावी, मोबाइलवरचा मेसेज तपासावा. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नये.

सुप्याच्या लोकांना कागद जाळावा लागला, कारण तो त्यांना कळत नव्हता. आपल्या गटाचं रजिस्टर आपल्या प्रत्येकीला कळलं पाहिजे. पुढच्या बैठकीत सुरुवात त्यानेच करूया : आधी वाचन, मग अंगठा.